आईचे समोरचे चार दात

आमच्या दिघ्याच्या चाळीत सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा ठसका आला की समजायचं, आज कुणाची तरी मशेरी संपली. काळी तंबाखू खरपूस भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि पायरीवर बसून बोटाने दातांवर घासायची. चाळीतल्या निम्म्या बायका लावायच्या. माझी आई तर दिवसातून चार वेळा. मशेरीने दात घट्ट राहतात, असं ती शपथेवर सांगायची, आणि सांगताना तिचे समोरचे दात हलायचे. मी काही बोलले की म्हणायची, "तुझ्या आजीने साठ वर्षं लावली." आजीच्या तोंडात शेवटी एकही दात नव्हता, हे मी बोलून दाखवलं की दोन दिवस अबोला.

मी तेव्हा वीस-एकवीसची. वाशीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. डोकं कायम तापलेलं. आई मला म्हणायची, तुझ्या नाकावर माशी बसायची पण हिंमत करत नाही. खरं होतं ते.

आईची नोकरी कशी लागली ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वडील पावणे गावात पंपांच्या एका कारखान्यात फिटर होते. ते गेले तेव्हा कंपनीने आईला कामावर घेतलं. पाणी देणं, टेबलं पुसणं, असलं काम. आई सातवी पास, महाडकडच्या खेड्यातली. ऑफिसात टेलिफोन बोर्डावर एक मुलगी बसायची, ती लग्नासाठी रजेवर गेली. चार दिवसांपुरतं आईला तिथे बसवलं. मुलगी परत आलीच नाही आणि आई तिथून उठली नाही.

तीस-बत्तीस एक्स्टेन्शन होती. ती तिने आठवड्यात पाठ केली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून एका अकाउंटंटकडून लागणारी वाक्यं देवनागरीत लिहून घेतली आणि दोन महिन्यांत तो कागद बघायचं बंद केलं. मुंबईच्या हेड ऑफिसातून कुणीही फोन केला, तरी "हॅलो" म्हटल्याबरोबर आई त्याला नावाने ओळखायची. कुठला साहेब कुठल्या शेडमध्ये गेलाय, कोण जेवायला बसलाय, कुणाची बायको माहेरी आहे म्हणून त्याला घरचा फोन येणार नाही, सगळं तिच्या डोक्यात. ज्या ऑफिसात तिने सहा महिने फरशी पुसली, तिथलेच लोक आता "बाई, जरा ठाण्याची लाइन लावून द्या" म्हणून तिच्यापुढे उभे राहायचे. सातवी पास बाईने हे केलं. मला टायपिंगची परीक्षा दोनदा द्यावी लागली होती.

पहिला दात भाकरी खाताना पडला. दुसरा बोर्डावर, बोलता बोलता. हेड ऑफिसचा कॉल चालू होता. आईने दात तळहातावर घेतला, कॉल जोडून दिला, मग उठून चूळ भरून आली. हे मला तिने संध्याकाळी भाजी निवडताना सांगितलं, आज बस उशिरा आली असं सांगावं त्या सुरात.

पण पुढच्या महिन्यात बाकीचे दोनही हलायला लागले आणि तिचं बोलणं बिघडलं. समोर दोन दातांची खिंड, शेजारी दोन डुगडुगते. त्यातून वाराच जास्त यायचा. पदर तोंडाला लावून बोलायची, त्याने आणखीच कळेना. हेड ऑफिसातून तक्रार आली. गणपतीच्या दिवसांत नव्या मॅनेजर साहेबांनी तिला बोलावलं. माणूस सभ्य होता. म्हणाले, "बाई, तुमचं काम चांगलं आहे, पण समोरच्याला समजत नाही. दिवाळीनंतर तुम्ही पॅकिंगला जा. पगार तोच राहील."

पगार तोच राहणार होता, म्हणून मला आधी वाटलं, काय बिघडलं? पॅकिंगला आठ तास उभं राहावं लागतं, गुडघे दुखतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तसं मी बोलूनही गेले. आई चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, बसली होती. ती मागे न बघता म्हणाली, "मला ती खुर्ची पाहिजे." एवढंच. तिला कधी काही पाहिजे असं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. साडी नाही, दागिना नाही, काही नाही. मला एकदम भरून आलं, आणि मी घरात बसूनच त्याचा राग मॅनेजरवर काढला.

दुसऱ्याच रविवारी आम्ही वाशीला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई होत्या. तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये नवीनच दवाखाना टाकलेला. मी जाताना आईला बजावलं होतं, "जास्त प्रश्न विचारू नकोस, त्या डॉक्टर आहेत." आईने मान हलवली. आणि खुर्चीतून उठल्यावर विचारलं, "बाई, समोरचे चार दात परत पाहिजेत. किती प्रकारे होतात, प्रत्येकाला किती पडतात, आणि किती वर्षं टिकतात?"

डॉक्टरबाईंनी वहीतला एक कागद फाडला आणि पेन्सिलीने चित्र काढून समजावलं. एक, पक्का पूल. बाजूचे दात घासून त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधले दात त्यांना जोडायचे. अठराशे रुपये. मी मनात हिशेब केला, आईचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. दोन, काढता-घालता येणारी प्लेट. साडेतीनशे.

"पुलाचे जास्त, म्हणजे तो चांगला?" मी विचारलं.

"ज्याचे बाजूचे दात मजबूत, त्याला चांगला," त्या म्हणाल्या. "आईंचे खांबच कच्चे आहेत. मी पूल बांधून देईन, पैसेही घेईन, आणि दोन वर्षांत खांबासकट पूल हातात येईल."

मग हसून म्हणाल्या, परदेशात तर आता हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावतात म्हणे, मी फक्त पुस्तकात वाचलंय.

"स्क्रू आमच्या कारखान्यात मिळेल हो," आई म्हणाली. "हाड कुठून आणू?"

डॉक्टरबाई हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, तुम्ही गंमत केलीत, पण मुद्दा तोच आहे. मशेरीने तुमच्या हिरड्या गेल्या आणि त्यांच्याखालचं हाडही झिजलंय.

आईचे प्रश्न संपले नव्हते. या साडेतीनशेत काय काय आलं? माप घेणं, मेणावर दात लावून बघणं, बसवणं, सगळं? टोचलं तर घासून द्यायचे वेगळे पैसे? तुटली तर जोडता येते का? दात दाखवायला परत आले तर दर वेळी फी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाजीबाजारात उभं असल्यासारखी ही विचारतेय. पण डॉक्टरबाईंना राग नाही आला. एकेका प्रश्नाला त्या उत्तर देत गेल्या आणि कागदावर लिहीत गेल्या. मग स्वतःहून म्हणाल्या, "हलणारे दोन दात काढणं आणि बाकीचे साफ करणं तुमच्या विम्याच्या दवाखान्यात होईल. तुमच्या पगारातून त्याचे पैसे कापतात ना? मग मला कशाला परत देता?"

असा डॉक्टर मी पुढे फार कमी वेळा पाहिला. स्वतःच्या दारात आलेलं गिऱ्हाईक त्यांनी अर्ध्या कामासाठी दुसरीकडे पाठवलं.

पण खरी अट पुढे होती. दात काढल्यावर हिरड्या आक्रसतात. लगेच प्लेट केली तर चार महिन्यांत ती सैल होणार, म्हणजे परत नवीन, परत साडेतीनशे. तीन महिने थांबलं तर एकदाच खर्च. आणि मशेरी आजपासून बंद. "प्लेटची तार ज्या दातांना अडकवणार, ते दात तरी राहिले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "मशेरी सोडणार नसाल तर माझ्याकडे करू नका. तुमचे पैसे मी पाण्यात घालणार नाही."

तीन महिने म्हणजे डिसेंबर. दिवाळी दोन महिन्यांवर. आईने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्याच नाक्यावर एक दातवाला बसायचा. टपरीवजा दुकान, बाहेर हसणाऱ्या जबड्याची पाटी. "एका दिवसात पक्के दात. काढायची कटकट नाही." चाळीतल्या दोघातिघांनी त्याच्याकडून बसवून घेतले होते. मी आईला न विचारता त्याला भेटले. म्हणाला, चार दात, पक्के, दीडशे रुपये, मशेरी लावा नाही तर तंबाखू खा, काही होणार नाही. मी पन्नास रुपये आगाऊ देऊन आले. मला वाटलं, डॉक्टरबाई शिकलेल्या, म्हणून लांबण लावतायत. निम्म्याहून कमी पैशात, दिवाळीच्या कितीतरी आधी, काम फत्ते. शहाणपणाचा माझा असा सगळा कारभार.

आईला हाताला धरून नेलं. ती खुर्चीवर बसली. त्याने वाटीत पावडर आणि कसलंसं उग्र वासाचं पाणी कालवायला घेतलं.

"हे काय?" आईने विचारलं.

"दात यात बसवायचे, मावशी. बाजूच्या दातांना धरून दगडासारखं घट्ट होतं."

"आणि खाली हिरडी सुजली, तर हे काढायचं कसं?"

"काढायचं कशाला? पक्कं आहे ना."

"समज, काढायची वेळ आली."

तो हसला. "मग बाजूच्या दातांसकट निघेल."

आई उठली. पदर सारखा केला, म्हणाली, "राहू दे, दादा." आणि दुकानाच्या बाहेर. मी पन्नास रुपयांसाठी त्याच्याशी भांडायला लागले. आवाज चढला, नाक्यावर माणसं जमली. त्याने काही पैसे दिले नाहीत. आईने मला ओढून बाहेर काढलं. मी रस्ताभर रडत होते, पैशांसाठी आणि लाजेनेही. माझ्या पगारात पन्नास म्हणजे थोडे नव्हते. ती म्हणाली, "असू दे बाय. चार दातांसाठी आणखी चार गेले असते. स्वस्तात सुटलो." त्या पन्नास रुपयांचा विषय तिने पुढे आयुष्यात कधी काढला नाही. मी असते तर आठवड्यातून एकदा ऐकवलं असतं.

सोमवारी ती स्वतः मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. डॉक्टरबाईंनी लिहिलेला तो कागद तिने टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "साहेब, दिवाळीपर्यंत नाही होणार. डिसेंबरअखेर होईल. घाईत केलं तर दोनदा खर्च आहे, तेवढा माझ्याकडे नाही. मला वर्ष संपेपर्यंत वेळ द्या." साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, दिवाळीनंतर नवीन मुलगी तर येणारच, तिला तुम्ही शिकवा. एक जानेवारीला मी ठरवेन, बोर्डावर कोण बसणार आणि पॅकिंगला कोण जाणार.

विम्याच्या दवाखान्यात दोन दात काढले. आणि मशेरी बंद झाली.

ते दिवस मी विसरणार नाही. वीस-पंचवीस वर्षांची सवय. तिचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, हात थरथरायचे, आणि चिडायची तर अशी की आमच्या घरात माझ्याहून तापट कुणी असू शकतं हे मला तेव्हा कळलं. सकाळी पायरीवर बायका बसायच्या, तीही जाऊन बसायची, पण बोट कोरडं. शेजारच्या काकू डबी पुढे करायच्या, "घे गो जरा, एका बोटाने काय होतंय?" मी आतून ओरडायचे. एक दिवस मी तिची डबी उचलून गटारात फेकायला निघाले, तर ती म्हणाली, "ठेव तिथंच. नाहीशी केलीस तर काकूंची घेईन. समोर असली की मला कळतं, मी घेत नाहीये." डबी स्टोव्हशेजारी फळीवर तशीच राहिली.

एकदा घसरली. तिसऱ्या आठवड्यात, मोरीत पाठमोरी बसून लावताना मी पाहिली. मी तोंडाला येईल ते बोलले. ती चूळ भरून कामाला लागली. पण पुढच्या रविवारी डॉक्टरबाईंकडे गेल्यावर, त्यांनी तोंड बघायच्या आधी तिनेच सांगून टाकलं, "बाई, बुधवारी एकदा लावली." त्यांनी हिरड्या दाबून बघितल्या, म्हणाल्या, भरतायत, परत लावू नका. तिने परत लावली नाही.

दिवाळी झाली, नवीन मुलगी आली. एसएससी पास, दात मोत्यासारखे, आवाज गोड. आईने तिला सगळं शिकवलं. सगळं म्हणजे सगळं. कुठला साहेब फोनवर पहिल्यांदा खाकरतो, कुणाला थांबवलेलं चालत नाही, कुणाचा कॉल मध्ये तुटला तर पाच मिनिटांनी आपणच लावून द्यायचा. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं, स्वतःच्या हाताने खड्डा खणतेयस. थोडं राखून ठेव."

"तिची काय चूक आहे?" आई म्हणाली. "आणि बोर्ड माझा आहे तोवर नीट चालायला नको?"

त्यावरही मी बोललेच, पण त्यात काही अर्थ नव्हता.

डिसेंबरात माप घेतलं. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरले होते, मापाच्या दिवशी, मेणाच्या दिवशी आणि प्लेट बसली त्या दिवशी. नाताळच्या आठवड्यात प्लेट तोंडात बसली. डॉक्टरबाईंनी आरसा पुढे केला. आईने बघितलं आणि ओठ मिटून घेतले. मग पुन्हा उघडले. लाजली होती ती. मला तोवर माहीतच नव्हतं की माझी आई इतकी देखणी दिसते.

पण बोलता येईना. तोंडात चप्पल कोंबल्यासारखं वाटतंय म्हणाली. लाळ सुटायची, जीभ अडखळायची, उलटीची भावना व्हायची. एक जानेवारीला आठच दिवस होते. मग आम्ही घरातच बोर्ड मांडला. खोलीच्या मध्ये साडीचा पडदा. पलीकडे ती, अलीकडे मी वही घेऊन. ती नंबर आणि नावं बोलायची, मी ऐकू येईल ते लिहायचं. पहिल्या दिवशी दहांतले चार चुकले. तिने वही बघितली, चुकलेलं पुन्हा बोलून दाखवलं, पुन्हा, पुन्हा. टाळूला फोड आला. डॉक्टरबाईंकडे जाऊन प्लेट घासून आणली. पैसे पडले नाहीत, ते आधीच विचारून ठेवलेलं होतं. एकतीस तारखेला दहाच्या दहा बरोबर आले. पण घरातला पडदा वेगळा आणि तारेवरचा आवाज वेगळा, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

एक जानेवारीला ती नेहमीपेक्षा एक बस आधीची पकडून गेली. मी ऑफिसात बसले, पण कामात लक्ष नाही. पत्रावर तीनदा तारीख चुकवली. तिच्या कंपनीत घरचे फोन चालायचे नाहीत, त्यामुळे मी इतक्या वर्षांत तिला एकदाही फोन केला नव्हता. नंबर मात्र पाठ होता. आमच्या ऑफिसच्या फोनच्या डायलला मालकाने छोटं कुलूप लावलेलं. शेवटी साडेअकराला मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. रुपया दिला, डायल फिरवला.

दोनदा वाजला. मग उचलला. कंपनीचं नाव, गुड मॉर्निंग, स्वच्छ, ठाम, एकेक अक्षर सुटं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीचा असावा असा आवाज. नवी मुलगी बसली होती. म्हणजे ठरलं. आईने तीन महिने जे सोसलं ते सगळं फुकट, आणि ती आता तिकडे शेडमध्ये उभी राहून खोक्यांना खिळे ठोकत असणार. पलीकडून इंग्रजीत विचारलं, कोण बोलतंय, कुणाशी बोलायचं आहे?

मी कसंबसं म्हटलं, "माझी आई आहे तिथे. आधी बोर्डावर बसायची. आता पॅकिंगमध्ये असेल. तिला जरा बोलवाल का?"

"पॅकिंगमध्ये कशाला शोधतेस, बाय?" आई म्हणाली. "मी खुर्चीतच आहे. लाइन मोकळी कर, मुंबईचा कॉल येतोय."